टाचेपर्यंत

माझ्या विहीणबाईंची साडी आखडली आणि माझ्या लेकीचं आखाजीचं माहेर बंद झालं. ऐकणाऱ्याला हसू येतं. गोष्ट दुसऱ्या कुणाच्या लेकीची असती तर मीही पोट धरून हसले असते.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. इतरांना तो सोनं घ्यायचा दिवस वाटत असेल, आम्हा खानदेशातल्या बायकांना तो माहेरचा दिवस आहे. दिवाळीला एखादे वेळी नाही जमलं तर चालतं, पण आखाजीला लेक आली नाही की शेजारणी आडून आडून विचारतात, पोरीचं बरं चाललंय ना? आम्ही गाव सोडून सुरतेत आलो, डिंडोलीत घर केलं, तरी आखाजी काही सुटली नाही. झोका बांधायला निंबाचं झाड कुठून आणणार, म्हणून घराचा स्लॅब भरतानाच भिकनरावांनी पुढच्या खोलीत जाड कडी बसवून घेतली. गवंडी म्हणाला, पंख्याला एवढी कडी कशाला? हे म्हणाले, पंख्याला नाही, झोक्याला. धनश्री तेव्हा चड्डी-फ्रॉकात होती.

भिकनराव म्हणजे माझे मालक. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून सासूबाईंनी यांना शेजारणीच्या सुपातून भिकेत मागून घेतलं, म्हणून भिकन. ‘राव’ मी लावते, आणि राग आला की जरा जोरात लावते. बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये ते स्टेंटर चालवतात. स्टेंटर म्हणजे लांबलचक भट्टीच. दोन्ही बाजूंना साखळ्या, साखळ्यांवर बारीक सुया. कापडाचे काठ त्या सुयांत अडकतात आणि कापड गरम हवेतून पुढे सरकत जातं. पॉलिस्टर दिसायला कितीही गरीब असलं तरी त्याच्या अंगात आखडायची खोड असते. गरमी लागली, वाफ लागली की ते अंग चोरतं. ती खोड मिलमध्येच मोडावी लागते. त्यासाठी कापड भट्टीत जाताना साखळीच्या चालीपेक्षा जरा जास्त सोडायचं, ढिलं. काय आखडायचं ते इथेच आखडून घे बाबा, असं म्हणायचं. मग ते पुढे घरी जाऊन कुणाची फजिती करत नाही. हे सगळं मी लग्न झाल्यापासून जेवताना ऐकत आलेय. कुणी कारागिराने ढील न देता कापड ओढून पन्हा, म्हणजे रुंदी, वाढवून दाखवला, तर त्या दिवशी आमच्या घरी वरणाला नावं ठेवली जातात.

धनश्रीला आम्ही शिंदखेड्याकडच्या एका गावात दिली. जावई योगेंद्र भला माणूस, घरची शेती, गावात खतांचं दुकान. विहीणबाई धुरपदाबाई म्हणजे घराचा खांब. खांबासारख्याच उंच. बाजारातली कुठलीही साडी नेसल्या तरी खाली टाचा उघड्याच राहायच्या. चारचौघांत बसल्या की त्यांचा हात सारखा निऱ्यांकडे जायचा, खाली ओढायला. गावातल्या बायका पाठीमागे त्यांना उंटीण म्हणतात, हे मला धनश्रीने सांगितलं होतं. मी तेव्हा हसलेही होते.

त्यांच्या मुलीचं, गायत्रीचं, माघात लग्न झालं. आहेराची साडी बाजारातून घेऊ या, असं मी म्हटलं. भिकनराव ऐकतील तर ना! “मना हातनं कापड देसू,” म्हणाले. हिरव्यागार कापडाची साडी मिलमधून आणली, मी तिला लेस लावली. डिंडोलीतल्या निम्म्या बायका साड्यांना लेस लावायचं काम घरी करतात, मीही करते, तेव्हा त्यात काही विशेष नाही. हळदीच्या दिवशी धुरपदाबाईंनी ती साडी नेसली आणि मांडवात एकदम उभ्या राहिल्या. साडी जमिनीला टेकत होती. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या. आमचे भिकनराव मांडवाच्या खांबाला टेकून असे उभे होते की जणू लग्न त्यांचंच होतं.

हळदीने साडी भरली. दुसऱ्या दिवशी वरात निघताना धुरपदाबाईंना तीच साडी नेसायची होती. कुणीतरी ती चुलीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवली. वाळायला वेळ नव्हता म्हणून ओलीवरच कडक इस्त्री फिरली. आणि विहीणबाई नेसून बाहेर आल्या तेव्हा साडी घोट्याच्या वर चढलेली, लेस सगळीकडे चुण्या पडून पापडासारखी वाकडी.

बायका हसल्या. आधी पदराआड, मग मोकळ्याने. धुरपदाबाई स्वतःच मोठ्याने म्हणाल्या, “सुरतना याहीनी माले फराक दिधा वं माय!” सुरतेच्या व्याह्यांनी साडी नाही, फ्रॉक दिलाय, असं त्या हसत म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं. त्याच वेळी हात जोडून मोकळं व्हायचं होतं. पण भिकनराव उसळले. “कापड उकयता पानीमा टाकतस का कोनी? वरतीन कडक इस्तरी! कोन फिरायी इस्तरी? आन दोस मना कापडले!”

धनश्री पुढे आली आणि म्हणाली, “मी, पप्पा.”

त्यानंतर कोण काय बोललं ते सांगण्यात अर्थ नाही. निघताना धुरपदाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, “आते आखाजीले मी पोरले धाडाव नही. बापले येऊ द्या मुराई म्हनीसन. आन मना टाचालोंग ई असं लुगडं लई येऊ द्या.” म्हणजे माझ्या टाचेपर्यंत येईल अशी साडी घेऊन बापानेच मुराळी म्हणून यावं. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. आमची धनश्री सुरतेत वाढलेली पोर, एकटी गाडीत बसून यायची. तिला कधी मुराळी लागला नव्हता.

पाडवा झाला. रामनवमी झाली. भिकनराव मुराळी व्हायचं नाव काढेनात. “कापड मनं चांगलं व्हतं,” एवढंच. मी फोन केला की धनश्री हळू आवाजात म्हणायची, “मम्मी, हमणां नको, सासूबाई आहेत. पछी बोलू.” आणि ते पछी, ते ‘नंतर’, काही यायचं नाही. मी आपली कामं करत राहायचे. लेस लावता लावता दाराकडे बघायचे. शेजारच्या सखुबाईंची लेक कविता वापीहून येणार होती, त्यांनी आधीच गादी उन्हात टाकली. मला ती गादीसुद्धा बघवत नव्हती. खरं सांगते, मला लेकीचं सुखदुःख वगैरे काही ऐकायचं नव्हतं. मला ती फक्त घरात हवी होती. बाथरूममध्ये पाणी सांडून ठेवणारी, माझ्या ताटातलं उचलून खाणारी, झोक्यावर आडवी पडून फोन बघणारी. तिची चप्पल दारात दिसावी, बस.

एक दिवस मी कडीला दोर बांधला. हे कामावरून आले, दोराकडे बघितलं आणि हात धुवायला गेले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, “भिकनराव, तुम्हनं कापड चांगलं व्हतं तर आखडनं कसं?”

ते टॉवेलने हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते. मग म्हणाले, “मीच वढेल व्हतं.”

“काबर?”

“त्या बाईन्या टाचा उघड्या दिसतस म्हनीसन.”

मग सगळं निघालं. कापडाला पक्की गरमी आधीच बसलेली होती, नेहमीच्या पन्ह्यावर. शेवटच्या फेरीत, कमी गरमीवर, यांनी साखळ्या बाहेर घेऊन ते रुंद ओढलं. विहीणबाईंना नेसल्यावर उंचीला दोन बोटं जास्त मिळावीत म्हणून. असं ओढलेलं कापड घडीत पडून असतं तोवर गुणाचं दिसतं. त्याहून मोठी गरमी लागली की ते पहिल्या मापावर परत जातं. जन्मभर ज्या गोष्टीवरून दुसऱ्यांना फैलावर घेतलं तीच यांनी स्वतः केली, आणि तीही प्रेमाने.

मी म्हटलं, परक्या बाईच्या टाचा बघत बसला होतात का धनश्रीच्या लग्नात? ते ओशाळले. मग मी म्हटलं, हेच त्यांना सांगा ना. “काय सांगू? इतला वरीसना कारागीर, आन कापड वढीसन दिधं म्हनू?” तेव्हा मला कळलं की हा माणूस विहीणबाईंवर रुसलेला नाही, स्वतःला तोंड दाखवायला लाजतोय. माझा राग निम्मा तिथेच गेला. उरलेला निम्मा मी जपून ठेवला, कारण त्याच्यावरच यांना गाडीत बसवायचं होतं. म्हटलं, “तुम्हनी लाज मोठी का मनी पोर?” ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना माझी मापाची टेप खिशात घालून गेले.

या वेळी त्यांनी साडीचं कापड घेतलंच नाही. ड्रेसचं मोठ्या पन्ह्याचं कापड घेतलं, जांभळं. स्टेंटरवर त्याला भरपूर ढील दिली, हवं तेवढं आखडू दिलं. मग ते विहीणबाईंच्या उंचीला पुरेल एवढं रुंद ठेवून बाकीचं कापून टाकलं. कापलेल्या काठाला मी पिको केलं. लेस आधी रात्रभर पाण्यात भिजत घातली. मागच्या वेळी मी तशीच लावली होती, आणि त्या चुण्या निम्म्या माझ्याही होत्या, हे तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. यांनी ते ऐकलं आणि बऱ्याच दिवसांनी हसले. मग घरातच आम्ही ती साडी बादलीत उकळत्या पाण्यात बुडवली, इस्त्री केली, टेप लावली. तसूभर हलली नाही.

आम्ही दोघं भुसावळच्या गाडीने निघालो. मुराळी एकटा जातो, पण यांना एकटं सोडलं असतं तर हे नंदुरबारहूनच परत फिरले असते. वाटेत मी धनश्रीसाठी काय काय करायचं ते मनात ठरवत होते. आमरस, खापरावरची पुरणपोळी, सांजोऱ्या. परतीला तिला खिडकीची जागा द्यायची, असंही ठरवलं. हसू नका, आईचं डोकं असंच चालतं.

धुरपदाबाईंनी पाणी दिलं, पाट दिला, चेहरा दिला नाही. धनश्री आतल्या दारात उभी होती, वाळलेली वाटली. भिकनराव उभेच राहिले. साडी पुढे धरली आणि एका दमात म्हणाले, “विहीनबाई, पहिलं लुगडं मी वढेल व्हतं. चूक मनी शे. पोरनी नही, तुम्हनी बी नही.”

“काबर वढं?”

हे माझ्याकडे बघायला लागले. मी नजर फिरवली. म्हटलं, आता बोला तुमचं तुम्ही. शेवटी म्हणाले, “तुम्हले पुरत नही म्हनीसन. तुम्ही सारख्या खाले वढतस, मी पाहेल शे.”

त्या उंच बाईला त्या घरात, त्या गावात, कुणी असं कधी पाहिलं नसावं. मग त्यांनी साडी हातात घेतली, उलटून पाहिली आणि सरळ मागच्या चुलीकडे गेल्या. पातेल्यात पाणी उकळवलं आणि साडी आत टाकली. लाकडाने ढवळलीसुद्धा. भिकनराव चुलीशी उकिडवे बसून बघत होते. पिळून काढल्यावर धनश्रीने ओल्या साडीवर इस्त्री फिरवली.

विहीणबाई आत जाऊन नेसून आल्या आणि ओट्यावर उभ्या राहिल्या. सवयीने हात निऱ्यांकडे गेला, ओढायला. ओढायला काही नव्हतं. हात तिथेच थांबला. त्यांनी खाली पाहिलं, मग आमच्याकडे. “लई जा तुम्हनी पोरले,” म्हणाल्या आणि पाठ फिरवली.

मी उड्याच मारत धनश्रीच्या खोलीत गेले. पिशवी भरलेली होती, वर दोन ड्रेस. ती पलंगावर बसून होती. मी म्हटलं, चल, गाडी चुकेल. ती म्हणाली, “मम्मी, मी नाही येत.”

मला वाटलं, गंमत करते. ती रडत होती.

“गायत्रीताईंना दिवस गेलेत. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय. त्यांची ही लग्नानंतरची पहिली आखाजी ना. सासूबाईंनी मागच्या निंबाला झोका बांधला होता त्यांच्यासाठी, फोन आला तसा सोडून टाकला. रोज संध्याकाळी तिथे जाऊन नुसत्या उभ्या राहतात. त्यांनी मला राहा म्हटलेलं नाही, मम्मी. म्हणणारही नाहीत. ती साडी, मुराळी, ते सगळं...” तिने नाक पुसलं. “ताई सासरी गेल्या त्या दिवसापासून घर रिकामं नको होतं त्यांना.”

“आणि माझं घर?” मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. एवढ्या लांब येऊन, एवढं करून, रिकाम्या हाताने परत जाऊ? मला तिचा राग आला, त्या न पाहिलेल्या डॉक्टरचा आला, विहीणबाईंचा तर फारच आला. मला वाटलं तिचा हात धरून ओढत न्यावं. ती आलीसुद्धा असती. माझी लेक आहे, मी ओढलं असतं तर आली असती.

“तुझ्याजवळ पप्पा आहेत,” ती म्हणाली. “आख्खी डिंडोली आहे. हे दिवसभर शेतात नाहीतर दुकानात. इथे कोण आहे त्यांना?”

मी पिशवीची चेन उघडली. वरचे दोन ड्रेस काढले आणि कपाटात ठेवले. मग बाकीचेही ठेवले. ती माझ्या कमरेला मिठी मारून बसली होती, त्यामुळे मला एका हातानेच करावं लागलं.

ओटी भरायला धुरपदाबाई नारळ, तांदूळ घेऊन आल्या. सोबत ती पहिली हिरवी साडी होती, घडी घातलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिलेला आहेर परत? त्यांनी माझा चेहरा वाचला असावा. “परत नही देत मी,” म्हणाल्या. “मना मनथीन देस. माले कमी पडस ते तुम्हले बरोबर व्हई.” मी बुटकी आहे हे त्यांनीही पाहिलं होतं तर. मग मी त्यांना सांगितलं की धनश्री आखाजीला इथेच राहणार आहे. त्यांनी नारळ माझ्या ओटीत घातला, पदर नीट केला, आणि चुलीकडे निघून गेल्या. चूल विझलेली होती. तरी त्या बराच वेळ धुराने डोळे झोंबतात म्हणून पुसत राहिल्या.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. तिथे हे बसले. दोघांच्या मध्ये मी ओटीची पिशवी ठेवली. नंदुरबार गेलं, नवापूर गेलं.

आखाजीच्या दिवशी सखुबाईंची कविता आमच्याकडे झोका खेळायला आली, तिच्या मैत्रिणी आल्या. मी सगळ्यांना आमरस दिला, हसले, त्यांच्या गाण्यात सूर मिसळला. घरात पोरी मावत नव्हत्या आणि मला घर मोठं मोठं वाटत होतं. त्या गेल्यावर मी पिशवीतून हिरवी साडी काढली. धनश्रीने लेस उसवून, ओढ काढून पुन्हा लावली होती. नेसले. टाचेपर्यंत बरोबर आली, जणू माझ्याच मापाने आखडली होती.

धनश्रीचा व्हिडिओ कॉल आला. मागे निंबाचं झाड होतं, झोक्यावर जांभळी साडी नेसून धुरपदाबाई बसल्या होत्या, आणि कुणीतरी मागून ढकलत होतं. त्या लाजून तोंड फिरवत होत्या. “मम्मी, उभी राहा, बघू,” धनश्री म्हणाली. मी फोन भिंतीला टेकवून लांब जाऊन उभी राहिले. “मस्त दिसतेस,” ती म्हणाली. मग नुसती बघत राहिली, मीही बघत राहिले. नेटवर्क गेलं आणि तिचा चेहरा तसाच थांबला, अर्धा हसरा. मी फोन लगेच उचलला नाही.

भिकनराव माझ्या साडीकडे बघत होते. सवय ती. मांडीवरून आणि पाठीवरून घडीच्या रेघा ठळक दिसत होत्या. धनश्रीने देताना पुन्हा इस्त्री करून घातलेली घडी. पॉलिस्टर गरम असताना जशी घडी घालाल तशी ती त्यात बसते, मग धुतली तरी जात नाही.

“त्यावर जरा जास्त गरम इस्तरी फिराव,” ते म्हणाले. “निंघी जाई.”

मी झोक्यावर बसले. ती रेघ मांडीवर आडवी आली होती, तिच्यावरून मी हात फिरवला.

“राहू द्या,” म्हटलं.